मागून शह

लातूरचं एक मंगल कार्यालय. कालच्या लग्नाची कमान अजून उतरलेली नाही, आणि तिच्याखाली टेबलांवर बुद्धिबळाचे पट मांडलेत. आईबाप बाहेर, डबे घेऊन.

पहिली फेरी. जोड्या लावायच्या स्विस पद्धतीत रेटिंगप्रमाणे, म्हणजे खेळाडूच्या ताकदीच्या आकड्याप्रमाणे, यादी लावतात, ती मधोमध तोडतात आणि वरच्या अर्ध्यातल्या पहिल्याला खालच्या अर्ध्यातल्या पहिल्यासमोर बसवतात. म्हणून ही फेरी बहुतेक पटांवर विजोडच असते.

हा पट बघा. पांढरी मोहरी नांदेडच्या बँकेतल्या काकांकडे, रेटिंग 1880. काळी औशाकडच्या आठवीतल्या मुलीकडे, 1455. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, गणितात 400च्या वरचा फरक 400च धरतात, आणि तेवढ्या फरकाला वरच्याकडून शंभर डावांत 92 गुण अपेक्षित असतात. पोरगी हरली तर तिच्या रेटिंगमधून 3.2 जातील. बरोबरी साधली तर 16.8 मिळतील, आणि काकांचे 8.4 जातील. काका उगाच घाम पुसत नाहीयेत.

मधला डाव काकांचाच. मुलीचं एक प्यादं फुकट गेलं, मग मारामारी होत होत पट रिकामा झाला. उरलं काय? दोघांचा एकेक हत्ती, दोन राजे, आणि काकांचं एक प्यादं.

इथून पुढचं नीट बघा. मुलीचा राजा प्याद्याच्या वाटेतच, शेवटच्या घरात. हत्ती तिच्या बाजूनं तिसऱ्या आडव्या ओळीत. ती ओळ काकांच्या राजाला ओलांडता येईना. मुलगी हत्ती त्याच ओळीत इकडून तिकडे सरकवत राहिली. वीस मिनिटं.

शेवटी काकांनी प्यादं पुढं ढकललं, थेट त्या ओळीत. त्याच क्षणी तिचा हत्ती पटाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला, आणि मागून शह सुरू. राजानं लपायचं कुठं? आडोशाच्या घरात आता त्याचंच प्यादं उभं!

हा बचाव अठराव्या शतकातल्या फिलिडोरच्या नावानं ओळखतात. फ्रान्सचा माणूस, पेशानं संगीतकार. मुलीला हे नाव ठाऊक नाही. ती म्हणते, “तिसऱ्या ओळीचा हत्ती.”

काकांनी हात पुढं केला. बरोबरी. दोघांनी कागदावर सह्या केल्या, आणि काकांनी मोहरी पुन्हा मांडली.

“बाळा, मी प्यादं ढकललंच नसतं तर?”

“तर मी तिथंच बसले असते, काका.”