बॅगपाइप : जिभेचे काम बोटांकडे

नमस्कार. माझ्या हातात आहे तो प्रॅक्टिस चँटर, म्हणजे बॅगपाइपची पिशवी आणि ड्रोन (सतत एकच स्वर धरून ठेवणाऱ्या नळ्या) नसलेली, थेट तोंडाने फुंकायची सरावाची नळी. स्कॉटलंडमध्ये शिकणाऱ्याला पूर्ण वाद्य हाती मिळण्याआधी सहसा कित्येक महिने हिच्यावरच बोटे घोटावी लागतात, आणि मुरलेले वादकही नवी धून आधी हिच्यावरच बसवतात.

सनईवादक जिभेने पत्तीवरची हवा क्षणभर अडवून एकच स्वर दोनदा वेगळा वाजवू शकतो. बॅगपाइपमध्ये मात्र पत्ती वाद्याच्या आत दडलेली असते, पिशवीतली हवा अखंड वाहत असते आणि आवाज लहानमोठाही करता येत नाही. त्यामुळे लागोपाठ आलेले दोन ‘लो ए’ (इथे स्वरांना इंग्रजी अक्षरांची नावे आहेत; लो म्हणजे खालचा) वेगळे ऐकू यावेत, यासाठी मध्ये डाव्या तर्जनीची एक निसटती उचल घ्यावी लागते. तिला ‘जी’ या स्वराची ग्रेसनोट, म्हणजे निसटता स्वर, म्हणतात. आपल्याकडच्या कणस्वराशी तिचे साम्य आहे खरे, पण कण हा अलंकार असतो, तर ही ग्रेसनोट विरामचिन्हासारखी आहे. ती गाळली तर दोन स्वरांचा एकच लांब स्वर होतो.

आता हात पाहा. डावा हात वर, उजवा खाली. उजव्या हाताची करंगळी सोडून बाकीची बोटे टोकांनी नव्हे, तर मधल्या पेरांनी, सपाट ठेवून छिद्रे झाकतात. बासरी वाजवणाऱ्यांना हे सुरुवातीला अवघडल्यासारखे वाटते. तरीही बोटे वाकवू नका, कारण वाकलेले बोट उशिरा उठते आणि नळी आवळून धरण्याची सवय लावते.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो सी वरून ई वर जाण्याला. सी वाजत असताना उजव्या हाताचे मधले बोट आणि अनामिका वर असतात, करंगळी खाली असते. ई साठी ती दोन्ही बोटे खाली, करंगळी वर आणि डावी अनामिका वर, अशी चार बोटे एकाच क्षणी हलली पाहिजेत. मिटणारी बोटे उघडणाऱ्यांच्या आधी पोहोचली, तर क्षणभर सगळी छिद्रे बंद होतात आणि मध्ये लो जी, म्हणजे सर्वांत खालचा स्वर, डोकावतो. हा दोष वेग वाढवून झाकला जात नाही. म्हणून मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारे यंत्र, मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवा, दर ठोक्याला एकच स्वर घ्या आणि वाजवलेले मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐका, कारण वाजवताना स्वतःची चूक कानाला सहसा सुटते.

टॉरलुआसारख्या जोडहालचालीही अशाच सोडवायच्या : लो जी, डी ची ग्रेसनोट, पुन्हा लो जी, मग ई ची ग्रेसनोट घेऊन लो ए. प्रत्येक तुकडा वेगळा ऐकू येईपर्यंत त्यांना जोडू नका. बोटांच्या या हालचाली पद्धतशीरपणे लिहून ठेवणारा जोसेफ मॅकडोनल्ड 1760 च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारतात आला आणि 1763 मध्ये इथेच वारला; त्याचे लेखन एडिंबरोत छापले गेले ते 1803 मध्ये.

आता मी सी-ई ही जोडी आधी मुद्दाम चुकवून आणि मग नीट वाजवतो. पहिल्या वेळी मधला लो जी ऐका.