आधी शिवणीची जाडी, मग हत्यारं

मंडळी, चामडेकाम शिकायचं ठरवलं की माणूस सगळ्यात आधी हत्यारांची यादी मागतो. यादीकडे आपण येऊच, पण त्याआधी तुमच्याकडून एक आकडा हवा. जी वस्तू करायची आहे तिच्या शिवणीपाशी सगळे थर मिळून जाडी किती भरणार? पाकिटाचं बाहेरचं चामडं १.२ मिमी, आतले कप्पे ०.८ मिमीचे, म्हणजे कडेला साधारण ३ मिमी. खांद्याच्या बॅगेला २ मिमीचं चामडं घेतलं तर दोन-तीन थरांची शिवण ४ ते ६ मिमी. कमरेचा पट्टा एकाच थराचा, पण तो थरच ३.५ ते ४ मिमीचा. टाक्याची लांबी, दोरा, सुई, भोकं पाडायचं हत्यार आणि पुढे कधी मशीन घेतलंच तर त्याचा प्रकार, हे सगळं या आकड्यावर ठरतं. तयार किट भरणाऱ्याला तुमचा हा आकडा माहीत नसतो. त्यामुळे त्यातलं एखादंच हत्यार तुमच्या कामाला नेमकं बसतं आणि बाकीची डब्यात पडून राहतात.

काही विक्रेते जाडी औंसांत सांगतात. १ औंस म्हणजे इंचाचा ६४ वा भाग, साधारण ०.४ मिमी. ‘४ ते ५ औंस’ म्हटलं की १.६ ते २ मिमी समजा. जाडी मोजायला डायलचं गेज किंवा साधा व्हर्नियर घ्या. व्हर्नियरचे जबडे मऊ चामड्यात रुतून आकडा कमी दाखवतात, म्हणून ते फक्त टेकवायचे, आवळायचे नाहीत.

कापण्याबद्दल फार बोलत नाही. सुरुवातीला मोडत जाणाऱ्या पात्याची सुरी, मागून रबर किंवा कॉर्क लावलेली पोलादी पट्टी, गुण्या आणि कापायची मॅट एवढं पुरतं. पातं मोडून नवं टोक काढायला हात आखडू नका. बोथट पातं चामडं कापण्याऐवजी पुढे ढकलतं, कड लाटेसारखी येते आणि मग ती घासून सरळ करण्यात वेळ जातो. मऊ चामडं सुरीबरोबर ताणलं जातं. तिथे फिरत्या पात्याचा कटर बरा.

आता भोकं. मला विचाराल तर सुरुवातीच्या पैशातला सगळ्यात मोठा वाटा इथे गेला पाहिजे, कारण शिवण सुबक दिसणं हातापेक्षा भोकांवर जास्त अवलंबून असतं. या हत्यारांचे दोन प्रकार आहेत. प्रिकिंग आयर्न फक्त खूण उमटवतं, भोक नंतर आरीने पाडायचं असतं. स्टिचिंग चिझल थेट आरपार जाते. नवशिक्याने चिझल घ्यावी. आरी एका कोनात, एका उंचीवर, दोन्ही बाजूंनी सरळ रेषेत घालायला हात बसावा लागतो. मात्र ५ मिमीच्या पुढे चिझलचा त्रास सुरू होतो. दात टोकाकडे निमुळते असतात, त्यामुळे ते जितके खोल जातात तितकं वरचं भोक रुंद होतं, आणि दात चामड्यात अडकूनही बसतात. जाड कामात चिझल अर्धीच ठोका आणि उरलेलं भोक आरीने पूर्ण करा. अडकलेली चिझल डावीउजवीकडे हलवून काढलीत तर दात वाकतात. शेजारी लाकडाचा ठोकळा दाबून धरा आणि सरळ वर ओढा. ठोकण्याआधी दातांना थोडं मेण लावलं तर हा प्रसंग क्वचितच येतो.

दातांमधलं अंतर ३ मिमी, ३.३८ मिमी, ३.८५ मिमी, ४ मिमी असं मिळतं. ३.३८ हा विचित्र आकडा जुन्या फ्रेंच इंचातून आला आहे. तो इंच २७.०७ मिमीचा होता आणि त्याचे आठ भाग केले की ३.३८ येतात. म्हणून या मापाला ‘८ नंबर’ही म्हणतात. पाकिटाला ३ किंवा ३.३८, बॅगेला ३.८५ किंवा ४ घ्या. एकच संच घ्यायचा असेल तर ३.८५ मध्ये दोन्ही कामं निभतात.

खरेदीच्या वेळी एक चाचणी कराच. काही स्वस्त चिझलींवर ‘४ मिमी’ लिहिलेलं असतं ते दोन दातांमधल्या मोकळ्या जागेचं माप असतं. टोकापासून टोकापर्यंतचं खरं अंतर त्याहून जास्त भरतं. जाड कागदावर दात दाबून ठसा घ्या. सहा दातांच्या चिझलीत पाच अंतरं असतात, तेव्हा ४ मिमीच्या हत्याराचा पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंतचा ठसा २० मिमी भरला पाहिजे. एका अंतरात ०.१ मिमीचा फरक क्षुल्लक वाटतो, पण बॅगेच्या दोन बाजू वेगवेगळ्या चिझलींनी पाडल्या तर १०० टाक्यांवर तो १ सेंमी होतो आणि शेवटची भोकं जुळत नाहीत. म्हणून वळणासाठीची दोन दातांची आणि सरळ रेषेसाठीची सहा ते दहा दातांची, दोन्ही एकाच संचातल्या घ्या. दातांच्या मधली जागा घासून गुळगुळीत केलेली आहे का, तेही नखाने पाहा. तिथे खरखर असेल तर हत्यार बाहेर काढताना चामड्याचे तंतू उचकटून येतात.

ठोकायला लाकडाची मोगरी किंवा कडक प्लास्टिकचा ४०० ते ५०० ग्रॅमचा हातोडा घ्या. लोखंडी हातोड्याने हत्याराचं डोकं पसरतं आणि घाव उसळतो. खाली ४-५ सेंमी जाडीचा ग्रॅनाइटचा तुकडा, त्यावर पंच मारायचा रबरी किंवा प्लास्टिकचा पाट, आणि टेबलाच्या पायाच्या अगदी वर बसायचं. टेबलाच्या मधोमध ठोकलं तर निम्मा घाव फळी लवण्यात जातो. ग्रॅनाइटवर थेट चिझल मारली तर टोकं एका घावात जातात.

दोरा ३ मिमीच्या टाक्याला ०.४५, ३.३८ ते ३.८५ ला ०.५५ ते ०.६, आणि ४ मिमीला ०.६ ते ०.८ मिमीचा. हार्नेस सुया बोथट टोकाच्या असतात आणि त्या तशाच हव्यात. अणकुचीदार सुई दुसऱ्या बाजूने येणारा दोरा भेदते. या सुयांमध्ये नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, म्हणजे ४ नंबर ही २ नंबरपेक्षा बारीक. ०.६ च्या दोऱ्याला ४ नंबर चालते. दोरा किती कापायचा याचा हिशेब सोपा आहे. एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवून दोन्ही बाजूंनी शिवायच्या टाक्यात, म्हणजे सॅडल स्टिचमध्ये, प्रत्येक टाक्याला टाक्याची लांबी अधिक जाडी, याच्या दुप्पट दोरा लागतो. ४ मिमी टाका आणि ३ मिमी जाडी असेल तर १४ मिमी, म्हणजे शिवणीच्या साडेतीन पट. जाडी ६ मिमी झाली की २० मिमी, पाच पट. त्यावर सुया ओवायला आणि शेवटच्या गाठीला ३० सेंमी जास्त धरा. बऱ्याच जणांचा दोरा जाड कामात संपतो तो सगळीकडे एकच पट धरल्यामुळे.

कडेसाठी बेव्हलर, म्हणजे कडेचा कोपरा तासून काढणारं हत्यार, आणि घोटायचं लाकूड. बेव्हलरचे नंबर प्रत्येक उत्पादकाचे वेगळे असतात, म्हणून नंबर विचारण्यापेक्षा तो किती मिमी कड काढतो ते विचारा. पाणी किंवा डिंक लावून घोटण्याने कड चमकते ती वनस्पतींच्या अर्कात कमावलेल्या, म्हणजे व्हेज-टॅन चामड्याचीच. क्रोम-टॅनची, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेल्या चामड्याची, कड कितीही घोटली तरी पिंजलेलीच राहते. तिला कडेचा रंग लागतो, थर वाळवून, मधे घासून, पुन्हा थर असा. क्रोमच्या कामासाठी महागडी घोटण्याची यंत्रं घेऊ नका.

एक गोष्ट विक्रेता सांगत नाही, ती अशी की नवी रापी (चामडं तासायची सुरी), नवा बेव्हलर, नवी आरी सहसा वापरायला तयार नसते. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून ४००, १०००, २००० अशा क्रमाने धार काढा आणि शेवटी हिरवी पेस्ट लावलेल्या चामडी पट्ट्यावर पाजळा. पट्ट्यावर पातं नेहमी मागे ओढायचं, पुढे नेलं तर पट्टा कापला जातो आणि धार गोल होते. कड तासताना रापी अडखळली की लगेच थांबून पाजळा. जोर लावलात तर ती एकदम सुटते आणि काम आरपार फाटतं. धार लावायचं साहित्य आणि हत्यारं एकाच दिवशी विकत घ्या.

आता मशीन. घरगुती शिलाई मशीनवर चामडं शिवण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्यात कापड फक्त सुईखालच्या दातेरी पट्टीने, म्हणजे खालच्या दातांनी, पुढे सरकतं. चामड्याचा वरचा थर फूटखाली, म्हणजे वरून दाबून धरणाऱ्या पायाखाली, चिकटून मागे राहतो, खालचा पुढे जातो, आणि शिवण संपेपर्यंत कडा जुळत नाहीत. जाड थरात सुई वाकून हुकवर (वरचा दोरा पकडून बॉबिनभोवती फिरवणाऱ्या भागावर) आपटते. म्हणून कंपाउंड फीडचं मशीन लागतं. त्यात खालचे दात, सुई आणि वरचा फूट तिन्ही एकत्र पुढे सरकतात. सपाट बैठकीच्या मशीनमध्ये जुकी डीएनयू-१५४१ हे नाव वारंवार ऐकाल, आणि तशाच रचनेची इतरही आहेत. यावर बॅगा छान होतात. पट्टे, खोगिरं, म्यान यांसाठी ४४१ वर्गाची जड मशीनं असतात. ती अगदी जाड थर शिवतात, पण पाकिटाच्या पातळ चामड्यावर त्यांच्या फूट आणि दातांचे वळ उठतात. ‘मोठं घेतलं की लहानही होईल’ हा हिशेब इथे चुकतो.

बैठकही पाहा. सपाट बैठकीवर तयार बॅगेचा तळ किंवा बाजूची पट्टी शिवता येत नाही, त्याला नळीसारख्या बाहूचं मशीन हवं. बाहूवर टेबल जोडता येतं, सपाट मशीनला बाहू जोडता येत नाही. बॅगाच करायच्या असतील तर मी बाहूचं घ्यायला सांगेन. जुनी हाताच्या चाकाची पॅचर मशीनं बूटदुरुस्तीला उत्तम, पण बॉबिन लहान आणि फक्त वरच्या फूटने ओढणं, त्यामुळे लांब सरळ शिवणीत टाके समान येत नाहीत.

मोटर सर्व्हो घ्या, म्हणजे पायडल दाबाल त्या वेगानेच फिरणारी. जुनी क्लच मोटर सतत पूर्ण वेगात फिरते आणि पायडल जरा दाबलं की मशीन झेप घेतं. एक-एक टाका घेत कोपऱ्यावर नेमकं थांबता आलं पाहिजे. त्यासाठी गती कमी करणारी जोडपुलीही लावतात, तिने सुईची ताकदही वाढते.

मशीनच्या दोऱ्याची जाडी टेक्समध्ये सांगतात, आकडा मोठा तितका दोरा जाड. सुई आणि दोऱ्याची जोडी अशी: टेक्स ७० ला ११० ची सुई, टेक्स १३५ ला १४०, टेक्स २१० ला १८०. सुईचा आकडा मिमीच्या शंभराव्या भागात असतो, १४० म्हणजे १.४ मिमी. सुई बारीक झाली तर वरच्या आणि खालच्या दोऱ्याची गाठ भोकात ओढली जात नाही आणि खालच्या बाजूला मण्यासारखी दिसते. नवशिके तेव्हा ताण वाढवत बसतात. आधी सुई एक माप वाढवून पाहा. आणि १.५ मिमीच्या चामड्यात टेक्स २१० ची गाठ लपायला जागाच नसते, तिथे दोराच बारीक हवा.

मशीन बघायला जाताना तुमचंच चामडं आणि तुमचाच दोरा न्या. सर्वांत जाड आणि सर्वांत पातळ, दोन्ही तुकडे. दोरा न ओवता जाड तुकड्यातून चाक हाताने फिरवा, कुठे अडतंय ते हाताला कळतं. मग दहा टाके पुढे, चार मागे. मागचे टाके त्याच भोकांत पडले पाहिजेत. वापरलेलं मशीन असेल तर हुकचं टोक नखाने तपासा. ओरखडा असेल तर दोरा तिथेच तुटत राहील. त्या मशीनला बसणाऱ्या प्रकारच्या (सिस्टीमच्या) सुया आणि बॉबिन सहज मिळतात का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

बाकी यंत्रांचं थोडक्यात सांगतो. हाताच्या लिव्हरचा एक टनी आर्बर प्रेस छंदाला सर्वाधिक उपयोगी. टिचबटणं, रिव्हेट, नावाचा ठसा सगळं शांतपणे होतं. कड तासायचं बेल स्कायव्हर तेव्हाच घ्या जेव्हा आठवड्याला पाच-सहा पाकिटं होतात. त्याचं गोल पातं सतत घासावं लागतं. चामडं पातळ करायचं स्प्लिटर घेण्याऐवजी हव्या जाडीला स्प्लिट करून देणारा पुरवठादार शोधा.

पुरवठादाराला काय विचारायचं? पहिलं, जाडी कुठून कुठपर्यंत. ‘२ मिमी’ असं उत्तर पुरेसं नाही, ‘१.८ ते २’ हवं. दुसरं, जनावराच्या कोणत्या भागाचं. पाठीचा मागचा भाग घट्ट आणि कमी ताणणारा, पट्ट्यांना तोच. खांद्यावर सुरकुत्या असतात पण बॅगांना चालतो. पोटाचा भाग सैल, स्वस्त, आणि लटकत्या पट्टीला लावला तर महिन्याभरात लांबतो. तिसरं, आतल्या, मांसाच्या बाजूचा फोटो. विक्रेते वरचीच बाजू दाखवतात, पण सोलताना पडलेले सुरीचे कट मागे असतात आणि तिथेच चामडं फाटतं. क्षेत्रफळ चौरस फुटांत, वेड्यावाकड्या कडांसकट मोजतात, म्हणून गरजेपेक्षा पाव हिस्सा जास्त धरा.

‘जेन्युइन लेदर’ या शब्दांवरून दर्जा कळत नाही. ‘फुल ग्रेन’ म्हणजे केसांची बाजू न घासलेलं. ‘बाँडेड’ म्हणजे भुगा चिकटवून केलेला पत्रा, त्याला टाका धरत नाही. व्हेज आणि क्रोम ओळखायला कापलेली कड पाहा. क्रोमच्या मधोमध निळसर-करडी रेघ असते, पूर्ण रंगवलेलं नसेल तर. शंका राहिली तर लहानशी पट्टी जाळा, क्रोमची राख हिरवट येते. व्हेज-टॅन घेतलंत तर ते ओलं असताना लोखंडाला टेकू देऊ नका. टॅनिन आणि लोखंडाचे निळे-काळे डाग पडतात.

बकलं आणि कड्यांना लोहचुंबक लावून बघण्याचा सल्ला अर्धाच खरा आहे. चुंबकाने लोखंड पकडलं जातं, पण पितळ आणि जस्ताचा मिश्रधातू दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत. न दिसणाऱ्या जागी कानस फिरवा. आत पिवळं निघालं तर पितळ, करडं निघालं तर मुलामा. टिचबटण बसवायची डाय (ठोकायचा साचा) त्याच उत्पादकाची घ्या. ‘२४ लाइन’ म्हणजे १५ मिमी हे सगळीकडे सारखं, पण टोपीचा घुमट वेगळा असतो. डाय न जुळल्यास टोपी चेपते आणि बटण दोन दिवसांत सुटतं.

रंग लॉटप्रमाणे बदलतो, म्हणून एका बॅगेचं सगळं चामडं एकाच वेळी घ्या. प्रत्येक लॉटमधला तळहाताएवढा तुकडा बाजूला ठेवा आणि त्याच्या मागे पुरवठादार, तारीख, जाडी आणि भाग लिहा. पुढच्या वेळी मागणी नोंदवताना विक्रेत्याला तोच तुकडा पाठवायचा.