मॉरिशसचा गणपती आणि तिथली झाकरी

नमस्कार मंडळी! गणपती जवळ आलेत, तर आज जरा लांबच्या गणपतीबद्दल बोलूया, थेट मॉरिशसच्या. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, हे आपल्याकडे किती जणांना माहीत असेल?

आता भारतातली माणसं तिथे गेली कशी, तर इंग्रजांनी गुलामगिरी बंद केली आणि उसाच्या मळ्यांना मजूर पाहिजे होते, मग करारावर माणसं न्यायला लागले. २ नोव्हेंबर १८३४ ला ॲटलस नावाचं जहाज पोर्ट लुईला लागलं आणि पुढे साडेचार लाखांच्या आसपास लोक तिथे उतरले. भोजपुरी बोलणारे सगळ्यात जास्त, पण मुंबई बंदरातून आपले कोकणातलेही गेले. मजूर जिथे उतरायचे त्या आप्रवासी घाटाला युनेस्कोने २००६ साली जागतिक वारसा ठरवलं.

पण मला खरं बोलायचंय ते झाकरीबद्दल. आपल्या कोकणात जाखडी नाचतात ना, मध्ये गाणारे-वाजवणारे बसतात आणि भोवती पायात चाळ बांधून पोरं गोल फिरतात, तीच ही. घरात, बाजारात क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून तयार झालेली तिथली भाषा, बोलणारी मुलं गणपतीपुढे मराठीत आरती म्हणतात, झाकरीचा ठेका धरतात आणि मग मिरवणुकीने मूर्ती नदीवर नाहीतर समुद्रावर नेतात. आपण पटकन म्हणतो, बघा त्यांनी आपली संस्कृती जपली. मला हे बोलणं पटत नाही. मळ्यात दिवसभर ऊस तोडून रात्री ढोलकी वाजवली ती त्यांच्या आजा-पणज्यांनी, आपण कुठे होतो तेव्हा? ती झाकरी आता त्यांची आहे, मॉरिशसची आहे.

तिथल्या भोजपुरी बायकांची लग्नातली गाणी, गीत-गवई, २०१६ साली युनेस्कोच्या यादीत गेली, त्याआधी २०१४ ला गुलामांच्या वंशजांचा सेगा नाच गेला. झाकरीचंही असंच कुणीतरी नीट बघावं, गाणी लिहून काढावीत असं मला फार मनापासून वाटतं.

आणि कोकणातल्या श्रोत्यांना एक विनंती, तुमच्या वाडीत जाखडीची जुनी गाणी येणारे कुणी म्हातारे शाहीर असतील तर या गणपतीत मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, गाणाऱ्याचं आणि गावाचं नाव सुरुवातीलाच बोलून घ्या. मॉरिशसची गाणी आणि ही गाणी कधीतरी शेजारी ठेवून ऐकता येतील.