मफलरची दुसरी बाजू

श्रोतेहो, नमस्कार. हातात सुया असतील तर विणत विणतच ऐका. आज वेणीच्या मफलरबद्दल बोलायचं आहे, आणि मुख्यतः त्याच्या मागच्या बाजूबद्दल.

वेणीची वीण बघितली की नवशिक्या बायका म्हणतात, "हे आपल्याला जमायचं नाही." पण वेणीत नवा टाका एकही नसतो. तेच सुलट, तेच उलट. शेजारचे टाके फक्त जागा बदलतात. सहा टाक्यांची वेणी असेल तर पहिले तीन टाके न विणता आखूड केबल सुईवर काढायचे आणि कामाच्या पुढे ठेवायचे. मग डाव्या सुईवरचे पुढचे तीन विणायचे, आणि शेवटी केबल सुईवरचे तीन. पुढे ठेवले की पीळ डावीकडे झुकतो, मागे ठेवले की उजवीकडे. एवढंच.

स्वेटरमध्ये ही वेणी छान दिसते, कारण मागची बाजू अंगाला लागून असते, तिकडे कोण बघणार? मफलरचं तसं नाही. तो गळ्याभोवती फिरतो, एक टोक पुढे, एक मागे, वाऱ्याने उलटतो. साध्या वेणीची मागची बाजू सपाट आणि ओबडधोबड दिसते. इतक्या मेहनतीने विणलेली वस्तू अर्धा वेळ पाठ दाखवत राहते, हे मला फार लागतं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, मफलरला दोन्हीकडून दिसणारी वेणीच घाला.

ती जमते कशी, ते सांगते. वेणीचे टाके नुसते सुलट ठेवायचे नाहीत. एक सुलट, एक उलट, अशी स्वेटरच्या पट्टीची वीण घ्यायची. ही वीण स्वतःतच आकसते. उलट टाके आत दडतात आणि दोन्ही बाजूंनी सुलट टाकेच वर दिसतात. मग बारा टाक्यांची वेणी घेतली तर सहा टाके केबल सुईवर पुढे ठेवायचे, पुढचे सहा एक सुलट एक उलट असे विणायचे, मग केबल सुईवरचे सहा तसेच. मफलर उलटून बघा, मागेही वेणीच.

माझं माप लिहून घ्या. बावन्न टाके घालायचे. कडेला चार टाके साबुदाण्याची वीण, मग बारा वेणीचे, पुन्हा चार साबुदाणा, असं करत तीन वेण्या बसतात आणि शेवटी चार टाके कडेचे. साबुदाण्यात सुलट दिसेल त्यावर उलट, उलट दिसेल त्यावर सुलट. वेणीच्या टाक्यांत मात्र जसा दिसेल तसाच विणायचा. पहिला पीळ सातव्या ओळीत, मग दर बारा ओळींनी. म्हणजे एकोणिसावी, एकतिसावी, त्रेचाळिसावी. पीळ नेहमी एकाच बाजूने पडतो, तेव्हा त्या बाजूला रंगीत दोऱ्याची खूण बांधून ठेवा. दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे गोंधळ होतो, हा या विणीचा एकच त्रास.

वेणी अंग चोरते, हे ध्यानात ठेवा. बावन्न टाके साध्या विणीत जेवढे रुंद होतात, त्याहून हे पुष्कळ अरुंद होतात. आधी एक वेणी विणून मोजा, मग टाके ठरवा. लोकर गुळगुळीत, नीट पिळाची आणि फिक्या रंगाची घ्या. काळ्या किंवा केसाळ लोकरीत वेणी बुडून जाते. सुतात मला हे काम आवडत नाही. लोकरीचा तंतू मुळातच कुरळा असतो, ताणला तरी परत येतो, म्हणून टाके एकमेकांवरून जाताना तुटल्यासारखे ओढत नाहीत. सुयांचं एक सांगते. जुन्या ब्रिटिश मोजणीत ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, आणि नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकन ८ नंबर मात्र ५ मिलिमीटरचा. म्हणून नमुना वाचताना मिलिमीटर बघा.

वेण्यांचं नाव निघालं की आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या अॅरन बेटांची गोष्ट सांगतात. प्रत्येक घराण्याची वेणी ठरलेली, बुडालेला कोळी तिच्यावरून ओळखायचा. गोष्ट मनाला भिडते, पण खरी नाही. ती जिच्यातून निघाली असं म्हणतात, त्या आयरिश नाटककार सिंज यांच्या १९०४ साली रंगमंचावर आलेल्या 'रायडर्स टू द सी' या एकांकिकेत बहीण बुडालेल्या भावाला ओळखते ती मोज्यावरून. तिने स्वतः घातलेले साठ टाके, आणि त्यातले सुटलेले चार. घराण्याची वेणी त्यात कुठेच नाही. मला तर ही मोजलेल्या टाक्यांचीच ओळख जास्त जवळची वाटते.

चूक झाली तर काय, हेही सांगायला हवं. एकदा माझ्या मधल्या वेणीचा एकतिसाव्या ओळीतला पीळ मागून गेला. लक्षात आलं बेचाळिसाव्या ओळीला. सगळं उसवायला जीव होईना. मग मी फक्त त्या वेणीचे बारा टाके सुईवरून सोडले आणि तिसाव्या ओळीपर्यंत खाली उतरवले. मध्ये बारा मोकळे धागे शिडीच्या पायऱ्यांसारखे लोंबत होते. दोन आखूड सुया घेतल्या, पीळ पुढून घेतला, आणि एकेका पायरीने एकेक ओळ परत विणत वर आले. पहिल्या पायरीचा धागा अपुरा वाटतो, तिथे घाबरू नका, शेजारच्या टाक्यांतून थोडा मिळतो. बाकीच्या वेण्यांना हातही लावावा लागला नाही.

लांबी दीडशे सेंटिमीटर झाली की टाके विणीतच, सैल हाताने बंद करा. आवळून बंद केलं तर टोक चुण्या पाडतं. मग कोमट पाण्यात वीसेक मिनिटं भिजवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. सपाट पसरताना कडा सरळ करा, पण वेण्या रुंदीत ओढू नका. त्यांना उंच राहू द्या, आणि अर्ध्या सुकल्यावर मफलर एकदा उलटा.


नमस्कार.