आधी टेबल वाचायला शिका

मंडळी, पत्रिकेत विषय ‘राउटिंग आणि स्विचिंगची तोंडओळख’ असा छापलाय. राउटिंग म्हणजे एका नेटवर्कातून दुसऱ्या नेटवर्कात वाट काढणं, स्विचिंग म्हणजे एकाच नेटवर्कातल्या यंत्रांची देवाणघेवाण. दोन्हीकडे जायचंच आहे, पण आधी एक तक्रार मांडतो. नेटवर्किंग शिकणारी मुलं ओएसआयचे, म्हणजे नेटवर्कचं काम थरांत मांडणाऱ्या आराखड्याचे, सात थर घडाघडा म्हणतात, कमांडही पाठ असतात. पण राउटिंग टेबलाच्या, म्हणजे कुठल्या पत्त्याकडे कुठल्या वाटेने जायचं याच्या राउटरकडच्या यादीच्या, चार ओळी समोर ठेवून ‘हे पॅकेट (डेटाचा तुकडा) कुठल्या इंटरफेसने, म्हणजे राउटरच्या कुठल्या जोडणीतून, बाहेर जाईल?’ असं विचारलं की वर्ग गप्प. टेबल वाचता येईपर्यंत कुणालाही कॉन्फिगरेशनला हात लावू देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

का, ते २४ फेब्रुवारी २००८ च्या घटनेवरून सांगतो. पाकिस्तान सरकारने यूट्यूब बंद करायचा आदेश दिला होता. पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या पत्त्यांचा एक रूट, म्हणजे त्यांच्याकडे जायची वाट, आपल्याकडे वळवला. हेतू एवढाच की देशातली ती वाहतूक तिथेच टाकून द्यायची. तो रूट घरातच राहायला हवा होता. तो बाहेर गेला हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या टेलिकॉम कंपनीकडे, त्यांनी न गाळता पुढे जगाला सांगितला, आणि थोड्याच वेळात जगभरात यूट्यूब उघडेना!

आता बघा, यूट्यूब स्वतः २०८.६५.१५२.०/२२ जाहीर करत होतं, म्हणजे १०२४ पत्ते. पाकिस्तानातून आला २०८.६५.१५३.०/२४, म्हणजे त्यांतलेच २५६. तिरक्या रेषेनंतरचा आकडा जितका मोठा, तितके पत्ते कमी आणि ओळ जास्त नेमकी. दोन्ही ओळी जुळतात. मग राउटर कुणाचं ऐकणार? जी ओळ जास्त नेमकी, तिचं. आपला पिनकोड घ्या. ४ म्हटलं की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. ४११ म्हटलं की पुणे. ४११०३० म्हटलं की सदाशिव पेठ. सदाशिव पेठेची थैली वेगळी लावलेली असेल तर पत्र ‘पुणे’ लिहिलेल्या थैलीत कोण टाकेल? (१९७२ साली हा पिनकोड आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे पंडित होते, हे आवर्जून सांगतो. आपल्या मुलांना ते नाव माहीत असायला हवं.)

यूट्यूबने उत्तर काय दिलं? स्वतःही तोच /२४ जाहीर केला. आता दोन्हीकडून सारखीच नेमकी ओळ, म्हणून जग विभागलं गेलं. मग त्यांनी त्याचे दोन /२५ केले, आणखी नेमके. शेवटी पीसीसीडब्ल्यूने ते रूट मागे घेतले. सगळा प्रकार दोन तासांच्या थोडा वरचा. ज्याला टेबल वाचता येतं, त्याला ही गोष्ट एकदा ऐकून कळते. ज्याला येत नाही, त्याला बीजीपीच्या (नेटवर्कं एकमेकांना रूट सांगतात ती पद्धत) शंभर कमांड शिकवूनही कळत नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. स्विचिंग भरभर सांगतो.

स्विचचं टेबल वेगळं. तो येणाऱ्या फ्रेममधला (स्विचकडे डेटा ज्या पाकिटातून येतो ते) पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता, बघतो आणि ‘हा या पोर्टवर’, म्हणजे केबलच्या या खाचेवर, अशी नोंद करतो. शिकतो पाठवणाऱ्याकडून, पाठवतो घेणाऱ्याकडे. ही एक गोष्ट डोक्यात ठेवा. घेणाऱ्याची नोंद नसेल तर फ्रेम ज्या पोर्टवरून आली तो सोडून त्या व्हीलॅनच्या (स्विचवर पाडलेला पोर्टांचा वेगळा गट) सगळ्या पोर्टवर जाते.

आयपी पॅकेटमध्ये टीटीएल नावाचा एक आकडा असतो. प्रत्येक राउटर तो एकने कमी करतो, शून्य झाला की पॅकेट टाकून देतो. इथरनेट फ्रेममध्ये असं काहीच नाही. दोन स्विचमध्ये चुकून दोन केबल लागल्या तर ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठी पाठवलेली, फ्रेम फिरतच राहते, प्रती वाढत जातात, अख्खं नेटवर्क बसतं. यावर रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डीईसी या संगणक कंपनीत असताना स्पॅनिंग ट्री हा उपाय काढला. जादा वाट तो बंद ठेवतो आणि चालू वाट तुटली की उघडतो.

पॅकेट राउटरमागून राउटर जाताना मॅक पत्ते दर टप्प्याला बदलतात. आयपी पत्ते, मध्ये नॅट (वाटेत आयपी पत्ते बदलण्याची सोय) नसेल तर, तेच राहतात. एआरपी, व्हीलॅन, ओएसपीएफ आज राहिलं.

घरी गेल्यावर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘रूट प्रिंट’ (route print) चालवून बघा. ०.०.०.० अशी एक ओळ दिसेल. ती प्रत्येक पत्त्याशी जुळते, म्हणून सर्वांत कमी नेमकी, आणि म्हणूनच दुसरं काही जुळलं नाही तरच तिचा नंबर लागतो. बाकीच्या ओळींत तुमचं स्वतःचं नेटवर्क कुठलं, ते शोधा. आता प्रश्न विचारा.