दोन वर्षं जिंकायचं, एक वर्ष सोडायचं: बेझिए नावाच्या क्लबची गोष्ट

फ्रान्समध्ये रग्बीचं सेकंड डिव्हिजन आहे, त्याला प्रो डी-टू म्हणतात, आणि त्याची टीमलिस्ट हातात घेतली की पहिल्यांदा आपल्याला वाटतं की ही लहानसहान गावं आहेत, कोण विचारतंय यांना. पण जरा इतिहास बघा. आझाँ आठ वेळा फ्रान्सचे चॅम्पियन. बियारित्झ पाच वेळा. ग्रनोब्ल एकदा. आणि बेझिए, ज्याच्याबद्दल आज बोलायचंय, ते अकरा वेळा. अकरा! आणि तरी 2005 मध्ये ते टॉप डिव्हिजनमधून खाली आले ते आजतागायत परत वर गेलेले नाहीत.

बेझिए हे दक्षिणेतलं, भूमध्य समुद्राजवळचं गाव, लोकसंख्या ऐंशी हजाराच्या आसपास, आजूबाजूला नजर जाईल तिथपर्यंत द्राक्षाचे मळे. वाईनवर जगणारा भाग. 1907 मध्ये वाईनचे भाव कोसळले तेव्हा इथल्या शेतकऱ्यांनी प्रचंड आंदोलन केलं, शेजारच्या नारबॉनमध्ये सरकारी सैन्याने गोळ्या झाडल्या, आणि ते ऐकल्यावर सतराव्या रेजिमेंटच्या सैनिकांनी, जी बरीचशी इथल्याच घरांतली पोरं होती, सरळ बंड केलं आणि चालत येऊन बेझिएच्या मुख्य रस्त्यावर ठाण मांडलं. हे सांगायचं कारण एवढंच की पॅरिसबद्दल या भागात एक जुनी अढी आहे, आणि चार वर्षांनी, 1911 मध्ये जो क्लब निघाला त्यात ती अढी उतरली असं माझं मत आहे. मत आहे हं, पुरावा नाही.

सुरुवातीची पन्नास वर्षं मी भराभर सांगतो कारण त्यात फार काही नाही. 1960 मध्ये फायनल हरले, 1961 मध्ये डाक्सला 6-3 ने हरवून पहिली ब्रेन्युस शील्ड घरी आणली (ही शील्ड म्हणजे फ्रेंच चॅम्पियनची ट्रॉफी, 1892 पासूनची), मग 1962 आणि 1964 ला परत फायनल हरले. त्या टीमचा स्क्रम-हाफ (पुढच्यांकडून बॉल घेऊन मागच्यांना देणारा) होता पिएर दानोस. रग्बीत दोन प्रकारची माणसं असतात, एक पियानो वाजवणारी आणि दुसरी पियानो उचलून नेणारी, हे जगभर फिरणारं वाक्य त्याच्याच नावावर आहे. स्वतः तो वाजवणाऱ्यांपैकी होता.

आणि गंमत बघा, पुढे बेझिए मोठं झालं ते पियानो उचलणाऱ्यांच्या, म्हणजे ताकदीचं काम करणाऱ्यांच्या, जिवावर.

1968 मध्ये राउल बारिएर कोच झाले. 1961 च्या टीममध्ये ते प्रॉप (सगळ्यात पुढच्या रांगेतला दणकट गडी) म्हणून खेळलेले, आणि पेशाने पीटीचे शिक्षक. आता त्या काळची रग्बी म्हणजे पूर्ण अमॅच्युअर, निदान कागदावर तरी, दिवसा नोकरी आणि संध्याकाळी ग्राउंड, प्रॅक्टिस झाली की जेवण आणि वाईन. बारिएरांनी काय केलं तर फिटनेस, खाणंपिणं, विश्रांती, मन शांत ठेवण्याचे व्यायाम, हे सगळं आणलं, जे आज शाळेच्या टीमलाही माहिती असतं पण तेव्हा लोक हसायचे. आणि खेळाची पद्धत ठरवली: पुढच्या आठ जणांनी बॉल आपल्याकडेच ठेवायचा, एकमेकांना चिकटून ढकलत ढकलत पुढे जायचं, समोरच्याची दमछाक होईपर्यंत सोडायचं नाही, आणि तो दमला की मग बॉल मागच्या लाईनला द्यायचा. पॅरिसच्या प्रेक्षकांना हे बोअर वाटायचं, शिट्ट्या मारायचे. पण बोअर म्हणणाऱ्यांनी आकडे बघावेत, एका सीझनमध्ये माँशानाँ नावाच्या टीमला यांनी 100-0 ने हरवलं आणि मिशेल फाब्र या एकट्या विंगरने (कडेने पळणारा खेळाडू) त्यात 11 ट्राय मारले, म्हणजे अकरा वेळा बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवला. नुसतं ढकलून शंभर होत नाहीत.

आता वर्षं ऐका. 71, 72 चॅम्पियन. 73 नाही. 74, 75 चॅम्पियन. 76 नाही. 77, 78. 79 नाही. 80, 81. 82 नाही. 83, 84. दोन वर्षं जिंकायचं आणि एक वर्ष दुसऱ्याला द्यायचं, असं सलग चौदा वर्षं, कुणी ठरवून करायचं म्हटलं तरी जमणार नाही. आणि घरच्या सोक्लिएर मैदानावर तर ते अकरा वर्षांहून जास्त काळ हरलेच नाहीत.

माणसंही तशीच होती. दोन मीटरपेक्षा उंच आलाँ एस्तेव्ह, त्याच्या जोडीला मिशेल पाल्मिए, ही दुसऱ्या रांगेतली जोडी समोर उभी राहिली की अर्ध्या टीम तिथेच गार व्हायच्या, आणि खरं सांगायचं तर यातला सगळाच धाक नियमात बसणारा नव्हता. कॅप्टन रिशार आस्त्र, स्क्रम-हाफ, टीमचं डोकं म्हणजे तो. आणि प्रॉप आर्माँ व्हाकराँ, ज्याच्या नावावर एकट्याच्या दहा शील्ड आहेत, म्हणजे 71 ते 84 मधल्या सगळ्या. 1993 मध्ये गावातल्याच एका बारमध्ये रिव्हॉल्वरची गोळी लागून तो गेला, रशियन रूलेट खेळत होता असं सांगतात, वय चाळीसच्या जरा पुढे.

त्यातल्या दोन फायनल सांगतो. पहिली 1974 ची, समोर नारबॉन, म्हणजे तीस किलोमीटरच्या आतलं गाव, तेच वाईनवाले, तीच बोली, आणि दोघं भांडायला पॅरिसला गेलेले. शेवटच्या मिनिटाला नारबॉन 14-13 ने पुढे, त्यांच्या लोकांचा जल्लोष सुरू झालेला, आणि आँरी काब्रोलने चालू खेळात बॉल जमिनीवर टाकून लाथ मारली, ड्रॉप गोल, 16-14. खलास. दुसरी 1984 ची, आझाँविरुद्ध, एक्स्ट्रा टाईम संपल्यावर पण 21-21, शेवटी गोलवर किक मारून निकाल लावला, 3-1 बेझिए. फ्रेंच फायनलचा निकाल असा लागण्याची ती एकमेव वेळ.

त्यानंतर टायटल नाही. 1985 मध्ये कॅप्टन पिएर लाकाँ कार ॲक्सिडेंटमध्ये गेला, तरुण माणूस, आणि बरेच जण सगळा दोष त्या दुर्दैवाला देतात. मला ते पूर्ण पटत नाही. बारिएर 1978 लाच टायटल जिंकून क्लब सोडून गेले होते, आणि मुख्य म्हणजे त्यांनी जे जे शोधलं ते एव्हाना सगळ्यांनी उचललं होतं. बेझिएकडे पैसा कधीच जास्त नव्हता, पद्धत होती. जोपर्यंत पैशाला उघडपणे परवानगी नव्हती तोपर्यंत पद्धत पुरली. 1995 ला रग्बी प्रोफेशनल झाली, आणि मग प्रश्न एवढाच उरला की तुमच्या गावात स्पॉन्सर किती, स्टेडियममधले महागडे बॉक्स किती विकले जातात. बेझिएने सोक्लिएर सोडून अठरा हजारांचं नवं स्टेडियम घेतलं (आता त्याला बारिएरांचंच नाव आहे), पण ते भरायला टीम नको?

शेजारचं माँपेलिए बघा म्हणजे कळेल. तिथला क्लब निघाला 1986 मध्ये, म्हणजे बेझिएच्या शेवटच्या टायटलनंतर दोन वर्षांनी. मोठं शहर, युनिव्हर्सिटी, आणि 2011 मध्ये मोहेद आल्ट्राड नावाचा अब्जाधीश मालक. 2022 ला ते फ्रान्सचे चॅम्पियन. बेझिए मात्र 2009 ला तिसऱ्या डिव्हिजनपर्यंत घसरलं आणि 2011 ला, ज्या वर्षी शेजाऱ्याला आल्ट्राड मिळाला त्याच वर्षी, धडपडत प्रो डी-टूमध्ये परत आलं.

मग 2020 मध्ये यांनाही वाटलं की आपलं नशीब उघडलं. अमिरातीतले इन्व्हेस्टर येणार, पुढे चेहरा कोण तर क्रिस्तोफ दोमिनिसी, फ्रान्सचा गाजलेला विंगर, मोठमोठ्या खेळाडूंची नावं पेपरात. पण फ्रेंच रग्बीत हिशोब तपासणारी एक समिती असते, तिने पैसे कुठून येणार ते दाखवा म्हटलं, समाधान झालं नाही आणि जुलैमध्ये सौदा फेटाळला. क्लब कसाबसा होता तिथेच राहिला. नोव्हेंबरमध्ये दोमिनिसी वारला, 48 वर्षांचा होता.

वर जायचा रस्ताही अरुंद आहे. सोळा टीम, तीस मॅचेस, मग नॉकआउट, आणि त्यातून थेट वर जाणार फक्त एक. दुसरा आला त्याला टॉप 14 मधल्या, म्हणजे वरच्या डिव्हिजनमधल्या, तेराव्या टीमशी आणखी एक मॅच खेळावी लागते. 84 च्या फायनलमधलं आझाँ पण 2021 पासून इथेच आहे, त्यामुळे ती जुनी मॅच आता दरवर्षी होते, फक्त पॉइंट्स सेकंड डिव्हिजनचे मिळतात. आणि 74 वालं नारबॉन 2022 मध्ये त्याच्याही एक पायरी खाली गेलं.