तीनशे गिल्डर कुणाच्या खिशात गेले?

श्रोतेहो, नमस्कार.

१९ डिसेंबर २०२२ रोजी नेदरलँड्सचे पंतप्रधान मार्क रुटे हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात उभे राहिले आणि गुलामगिरीत डच राज्याचा जो हात होता, त्याबद्दल त्यांनी सरकारच्या वतीने माफी मागितली. याआधी बरीच वर्षं ते स्वतःच या माफीला राजी नव्हते. डच व्यापाऱ्यांनी सहा लाखांवर आफ्रिकी माणसं जहाजांत कोंबून अटलांटिकपार नेली होती. या कबुलीचं मोल मी कमी लेखत नाही. पण तिच्यामागचा हिशेब आपण पाहायला हवा.

दक्षिण अमेरिकेतलं सुरिनाम ही तेव्हा डचांची वसाहत. तिथे १ जुलै १८६३ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली. तेव्हा सरकारने भरपाई दिली, माणशी तीनशे गिल्डर, म्हणजे तेव्हाचं डच चलन. कुणाला? मळेवाल्यांना! ज्यांनी उसाच्या मळ्यात पिढ्यान्‌पिढ्या हाडं झिजवली, त्यांच्या हाती छदामही पडला नाही. उलट बहुतेकांना आणखी दहा वर्षं सरकारी देखरेखीखाली, करारावर मळ्यांतच राबावं लागलं. त्यांना आडनावंही तेव्हाच मिळाली, आणि त्यांतली काही मालकाच्याच नावाची मोडतोड करून बनवलेली होती. ‘दे व्रीस’चं झालं ‘व्रीस्दे’. मुक्तीच्या कागदावरसुद्धा मालकाचा शिक्का राहिलाच.

आता दुसरी तारीख पाहा. देखरेखीची मुदत १८७३च्या जुलैत संपणार होती. त्याआधीच, ५ जूनला, कलकत्त्याहून निघालेलं ‘लाला रूख’ जहाज सुरिनामच्या पारामारिबोला लागलं. त्यात आपले गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर होते, बहुतेक उत्तर भारतातले. मळ्यांवर हात कमी पडू नयेत, याची तजवीज आधीच झाली होती. इंग्रजांनी मॉरिशसमध्ये हेच केलं. तिथे आपल्या कोकणातलीही माणसं गेली आणि त्यांच्या वंशजांची मराठी आजही तिथे शिकवली जाते. म्हणून हा विषय मला परका वाटत नाही.

माफीच्या तारखेवरूनही सुरिनामी संघटना नाराज होत्या. हे १ जुलै २०२३ला व्हावं, अशी त्यांची मागणी होती, कारण प्रत्यक्ष सुटकेला त्या दिवशी दीडशे वर्षं पुरी होत होती. ज्यांची माफी मागायची, त्यांना दिवससुद्धा निवडू दिला नाही, हे मला फार खटकतं. त्या १ जुलैला राजे विलेम-अलेक्झांडर यांनी अ‍ॅमस्टरडॅमच्या ओस्टरपार्कमध्ये स्वतः माफी मागितली, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि कित्येकांचे डोळे भरून आले.

सरकारने जनजागृतीसाठी वीस कोटी युरोंचा निधीही जाहीर केला. शाळेतल्या मुलांना हा इतिहास कळेल, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र १८६३मध्ये मालकांना माणशी मोजून पैसे देता आले होते. राबणाऱ्यांच्या वंशजांचं देणं किती, हे त्यांच्यासोबत बसून ठरवायला सरकारने आता आणखी वेळ लावू नये.

नमस्कार.